आपली पोरं, आपली टीम

आमच्या तुकोगंजच्या ऑफिसात हल्ली दुपारच्या चहाला हॉकीचा विषय निघतो. व्यावसायिक लीग सुरू झाली, टीमना शहरांची नावं मिळाली, खेळाडूंचे लिलाव झाले, आणि ज्यांनी जन्मात स्टिक हातात धरली नाही त्यांनाही एकदम मतं फुटली. पुण्याहून नवीन आलेला एक सहकारी परवा तावातावाने म्हणत होता, "नाव शहराचं आणि त्यात शहरातला एक पोरगा नाही! निम्मे तरी लोकल पाहिजेत. नियमच करायला हवा." समोरच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "जो चांगला खेळेल तो घ्यावा. लोकल आहे म्हणून काय नापासाला पास करायचं?" मग दोघंही माझ्याकडे वळले, कारण माझ्या माहेरी हॉकी होती हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला मत नाही, असं म्हणून मी कप घेऊन उठले. पुण्याचा सहकारी बघतच राहिला. माझं तोंड किती चालतं हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

मत आहे. पण ते सांगायचं तर दादाबद्दल सांगावं लागतं, आणि दादा हा बिस्किटाबरोबर सांगायचा विषय नाही.

आमचे बाबा कापडाच्या मिलमध्ये साचे चालवायचे. साचे म्हणजे माग, प्रत्येक माणसाकडे दोन. आजोबा जवळच्याच महूच्या छावणीत शिपाई होते, हॉकी तिथूनच आमच्या घरात आली. आम्ही बौद्ध, आणि आमच्या लोकांत फौज आणि हॉकी या दोन गोष्टी बरोबरच चालायच्या. बाबा तरुणपणी मिलच्या टीमकडून लेफ्ट आउट खेळायचे. त्या काळी टीम मिलच्या चाळींतलीच असायची. सगळे खेळाडू कुठल्या ना कुठल्या खात्यात घाम गाळणारे.

मॅच असली की खेळणारा अर्ध्या पाळीतून सुटायचा आणि त्याचे साचे बाजूची माणसं चालवायची. आपले दोन सांभाळून वर त्याचे दोन. इकडचा धागा जोडेपर्यंत तिकडचा तुटायचा, जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येऊन शिव्या घालायचा, पण "आज माझ्याकडून होणार नाही" असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही. म्हणजे जे साचे सांभाळायचे त्यांना मॅच बघायला मिळायचीच नाही. म्हणून रिवाज असा होता, की मॅच संपली की खेळाडूने घरी जायचं नाही. सायकल हाणत मिलच्या गेटवर यायचं, भोंगा होऊन माणसं बाहेर पडली की तिथेच उभं राहून आपल्या साचेवाल्यांना सगळी मॅच सांगायची. कोणी पास दिला, कोण घसरला, पंच कुठे आंधळा झाला, सगळं. हरलो असलो तरी सांगायचं. बाबा म्हणायचे, "गोल माझा, पण तेवढा वेळ साचा तर त्याने चालवला ना."

मी शाळेत असताना हे बदललं. मिलमध्ये नवीन मॅनेजर आले, त्यांना कपाटात कप हवे होते. त्यांनी झाशी, भोपाळ आणि पंजाबातून खेळाडू आणले. त्यांना टाइम ऑफिसात नाहीतर पहारेकऱ्यांच्या खात्यात नावापुरती नोकरी असायची. सकाळी सही करायची आणि मैदानावर जायचं. खोटं कशाला बोलू, खेळ काय होता त्यांचा! झाशीचा एक सेंटर फॉरवर्ड होता, तो चेंडू घेऊन निघाला की आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्याही उभ्या राहायच्या. कप आले, कपाट भरलं. पण त्यांच्याकडे साचेच नव्हते, त्यामुळे ते कोणी सांभाळायचाही प्रश्न नव्हता, आणि मॅच संपली की ते आपल्या क्वार्टरवर जायचे. बाबांच्या शेजारचे काका एकदा म्हणाले, "अब काय यार, मॅच पाहायला मिळते, पण सांगायला कोणी येत नाही." त्या वेळी मला हसू आलं होतं. यात तक्रार करण्यासारखं काय आहे, असं वाटलं होतं.

दादा तेव्हा मिलच्या बी टीममध्ये होता. बी टीम म्हणजे चाळीतली पोरं, जी मोठ्या टीमबरोबर सराव करायची, त्यांचे चेंडू आणून द्यायची आणि मॅचच्या दिवशी कडेला बसायची. दादा सेंटर हाफ. बोलायला अगदीच कमी, घरात आहे की नाही तेही कळायचं नाही. मैदानावर मात्र सगळा खेळ त्याच्या भोवती फिरायचा. बी टीममधून मोठ्या टीममध्ये गेलं की मिलची पक्की नोकरी मिळायची, आणि त्या जागांवर बाहेरचे बसले होते. चाळीत घरोघरी अशी वीस-बावीस वर्षांची पोरं बदली कामगार म्हणून रोज गेटवर उभी राहायची आणि काम नाही म्हणून परत यायची.

बाबांनी हे मनावर घेतलं. ते काही मोठे पुढारी नव्हते, पण बोलायला लागले की माणसं ऐकायची. त्यांनी चाळीचाळीत जाऊन सांगितलं, की मिलच्या टीममध्ये मिलच्या माणसांची पोरं पाहिजेत, आणि यासाठी गेटवर सभा घ्यायची. "आपली पोरं, आपली टीम" हे त्यांचंच वाक्य. मी ते मिलच्याच मांजरपाटावर लाल रंगात रंगवलं होतं, आणि माझ्या अक्षराचं चाळीत फार कौतुक झालं होतं.

सभेच्या त्याच आठवड्यात महूहून एक सुभेदार आमच्या घरी आले. साताऱ्याकडचे होते. फौजेच्या टीमला खेळ शिकवायचे आणि त्यांनी दादाला महूच्या एका सामन्यात पाहिलं होतं. आईने चहा दिला. त्यांनी फार वळणं घेतली नाहीत. "पोरगा आम्हाला द्या," ते बाबांना म्हणाले. "पुण्याला नेतो. भरती होईल, ट्रेनिंग होईल, टीममध्ये खेळंल. पुढं पेन्शन हाय. असा सेंटर हाफ मी लई दिवसांत बघितला न्हाई." दादा दाराशी उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. त्याला जायचं होतं. हे मी आज मागे वळून ठरवत नाही, तेव्हाही घरातल्या प्रत्येकाला ते दिसत होतं. सुभेदार म्हणाले, "सोमवारपर्यंत कळवा," आणि स्कूटरवरून निघून गेले.

ते गेल्यावर बाबांनी आपला चहा संपवला. मग म्हणाले, "तिथे पुण्याच्या पोरांच्या जागेवर तू खेळणार. म्हणजे तूही बाहेरचाच."

दादा म्हणाला, "हो बाबा. पण फौजेत सगळेच बाहेरचे असतात."

"जायचं असेल तर जा. मी अडवत नाही. फक्त मग शुक्रवारच्या सभेला गेटवर मी उभा राहणार नाही. दुसऱ्यांच्या पोरांसाठी जागा मागायची आणि आपल्या पोराला बाहेर पाठवून द्यायचं, हे माझ्याने नाही होणार. लोक तोंडावर थुंकतील."

आई आतून ओरडली, "मग नका ना उभे राहू! कोणी सांगितलंय?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते दादाकडे बघत होते. बाबा दुष्ट नव्हते, आणि खोटेही नव्हते. ते खरंच तसे होते. जे दुसऱ्याला सांगायचं ते आधी आपल्या घरात करायचं, असा त्यांचा बाणा, आणि सगळी चाळ त्यासाठीच त्यांना मान द्यायची. दादाने सुभेदारांची कपबशी उचलली, मोरीत नेऊन ठेवली आणि तिथूनच म्हणाला, "मी इथेच खेळतो." नंतर आई दोन दिवस बाबांशी बोलली नाही. दादा मात्र बोलत होता, नेहमीएवढंच.

सभा झाली. बाबा काय बोलले! मला अजून अंगावर काटा येतो, इतक्या नंतरही, इतकं सगळं होऊनही. दादाला त्यांनी पुढे बोलावून खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माझा पोरगा फौजेला नाही म्हणून आला आहे, आपल्या टीमसाठी." लोकांनी टाळ्यांनी गेट दणाणून सोडलं. आणि मिलने लगेच मान्य केलं. अगदी आठवडाभरात. पुढच्या हंगामापासून टीममध्ये फक्त मिल कामगारांची मुलं घेऊ, बाहेरचे खेळाडू परत पाठवू. आम्ही निम्मी टीम मागितली होती, त्यांनी सगळीच दिली. चाळीत पेढे वाटले, बाबांना खांद्यावर घेतलं. एवढ्या सहज का दिलं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

झाशीचा तो सेंटर फॉरवर्ड जाताना आमच्या घरी भेटायला आला होता. त्याला रेल्वेत काम मिळत होतं. बाबा जरा अवघडलेच. तो त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "बाबूजी, आपने गलत कुछ नहीं माँगा. हमको तो वैसे भी जाना था. दो महीने से यही सुन रहे थे कि टीम का खर्चा बंद होगा." आईने त्याला जेवायला बसवलं. बाबांनी ते ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्या घरात कोणालाच तेव्हा ते ऐकायचं नव्हतं. मिलला खर्च कापायचाच होता, आणि आम्ही सभा घेऊन त्यांना तो कापायला सांगितलं होतं. हे समजायला पुढे आम्हाला फार वर्षं लागली नाहीत.

तरी एक हंगाम चांगला गेला, तोही खोटा नव्हता. दादाला साचाखात्यात पक्की नोकरी लागली, आणि त्याचे साचे आले बाबांच्याच रांगेत. रिवाज परत सुरू झाला. मॅचच्या दिवशी दादा निघाला, की त्याचे साचे बाबा स्वतः घ्यायचे. शेजारचे काका म्हणायचे, "अरे भिया, तुम्ही जाऊन पोराचा खेळ बघा, साचे मी सांभाळतो." बाबा ऐकायचे नाहीत. बापाने पोराचा खेळ बघायचा आणि दुसऱ्याने साचे चालवायचे, हे त्यांना पटायचं नाही. त्यामुळे त्या हंगामात त्यांनी दादाची एकही मॅच पाहिली नाही. भोंगा झाल्यावर ते गेटवर यायचे, कानात कापसाचे तंतू, आणि घामेजलेला दादा सायकल टेकवून त्यांना मॅच सांगायचा. आयुष्यात कधी न बोललेला माझा दादा तिथे हात हलवून बोलायचा. मी शाळेतून येताना मुद्दाम त्या रस्त्याने यायचे, त्या दोघांना बघायला. आमच्या घरातलं सगळ्यात मोठं सुख मी तिथे पाहिलं आहे.

मग मिल मरायला लागली. एकदम नाही. आधी रात्रपाळी गेली, मग कापूस येईना, मग वीज तोडली, मग जोडली, मग परत तोडली. साचाखात्यात रांगाच्या रांगा बंद पडल्या. दिल्लीत नवीन धोरणं आली होती. टीव्हीवर सांगायचे की देश आता खुला झाला, आणि आमच्या गेटला कुलूप लागायच्या गोष्टी चालल्या होत्या. टीमला नवीन स्टिका मिळेनात. पोरं फाटलेल्या बुटांनी, आपापल्या सायकलवरून मैदानावर जायची. तरीही त्यांनी टीम मोडू दिली नाही. बंद पडलेल्या मिलच्या नावाने ती खेळत राहिली.

त्या टीमची शेवटची मॅच बाबांनी पाहिली. सांभाळायला साचेच उरले नव्हते, त्यामुळे सगळी मिलच मैदानावर आली होती. एवढी गर्दी त्या मैदानावर मी कधी पाहिली नव्हती, आणि एवढी गप्प गर्दीही. दादा जीव तोडून खेळला. आमची पोरं हरली. मॅच संपल्यावर दादा सवयीने बाबांकडे आला, सांगायला तोंड उघडलं, आणि थांबला. बाबांनी सगळं पाहिलं होतं. दोघं बरोबर चालत घरी आले, सायकल मधे धरून, आणि वाटेत एकमेकांशी काही बोलले असतील असं मला वाटत नाही.

मिल बंद झाली तेव्हा दादा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता. फौजेत भरतीचं वय गेलं होतं. पीथमपूरच्या नव्या कारखान्यांना आयटीआय केलेली पोरं हवी होती, आणि दादाने कॉलेज अर्धं सोडलं होतं, कारण मिलमध्ये लागल्यावर शिकायचं कशाला, असं तेव्हा सगळेच म्हणायचे. तो शेवेच्या कारखान्यात पॅकिंगला लागला, मग गोदामात, मग एका शोरूमच्या दारावर वॉचमन झाला. चाळीतला एकजण हसत म्हणाला, "चला, शेवटी वर्दी मिळाली ना!" त्या माणसाशी मी आजतागायत बोललेले नाही. त्याच्या मुलीच्या लग्नालाही गेले नाही, आणि त्याचा मला जराही पस्तावा नाही.

बी टीममधला दुसरा एक मुलगा दादाच्या जागी त्या सुभेदारांबरोबर पुण्याला गेला होता. दादापेक्षा खेळात कमीच. तो निवृत्त होऊन आता महूला राहतो, पेन्शन आहे, घर आहे, आणि दादा दिसला की गाडी थांबवून मिठी मारतो. दादाही मनापासून मारतो. मला ते बघवत नाही. मी एकदा दादाला सरळ विचारलं, "तुला राग येत नाही?" तो म्हणाला, "कोणाचा?" त्याला खरंच कळलं नव्हतं की त्याला कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे. त्याने कधीही, एकदाही, बाबांना शब्दाने दुखवलं नाही. बाबांनीही विषय काढला नाही. त्या घरात आम्ही वर्षानुवर्षं पोहे खाल्ले, सण केले, आईला पोचवलं, आणि सुभेदारांचं नाव कोणी घेतलं नाही.

आणि मग दादाची मुलगी खेळायला लागली. दादाने शिकवलं नव्हतं, तीच शाळेतून शिकून आली. तीही सेंटर हाफ. गेल्या वर्षी ओडिशातल्या एका हॉकी हॉस्टेलमध्ये तिची निवड झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले. वहिनी बॅग भरत होती, पोरगी मैत्रिणींकडे गेली होती. बाबा पलंगावर बसले होते. आता ते नव्वदीला टेकले आहेत, कान गेलेत, पण पेपर रोज वाचतात. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, की त्या भागातले लोक चिडलेत, बाहेरच्या मुली आणून आमच्या मुलींच्या जागा घेतात म्हणून.

"बरोबरच आहे त्यांचं," बाबा म्हणाले. "तिथल्या पोरींनी जायचं कुठे?"

वहिनीचा हात थांबला. माझ्या डोक्यात तिडीक गेली, मी बोलायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात दादा बाबांच्या पलंगावर जाऊन बसला. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, मोठ्या आवाजात पण अगदी शांतपणे म्हणाला, "बाबा, तिला जाऊ द्या."

"मी कुठे अडवतोय?" बाबा म्हणाले. जरा दुखावल्यासारखे. मग त्यांनी दादाकडे बघितलं, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "तुला तरी मी कुठे अडवलं होतं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं होतं. आणि मला दिसत होतं की ते विसरलेले नाहीत. बाबांना सगळं आठवत होतं, आणि त्यांना फक्त एवढंच हवं होतं की दादाने काहीतरी म्हणावं.

दादा म्हणाला, "नाही बाबा. तुम्ही नाही अडवलंत. मीच राहिलो."

बाबांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते पुन्हा पुन्हा मान हलवत राहिले. दादाने त्यांचा हात धरून ठेवला. मला त्या क्षणी बाबांचा राग आला, आणि दादाचा त्याहून जास्त, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभी राहून रडले. बाहेर दादा वहिनीला सांगत होता, की पोरीची गाडी सकाळची आहे आणि बाबांनाही स्टेशनवर न्यायचं आहे.